मावशीला शेवटी वाढायचं

३ जून
लागली बाई एकदाची नोकरी. प्रयोगशाळा छोटीशी, पण खिडकी चांगली ऐसपैस. कर्करोगाच्या पेशी बाटल्यांमध्ये वाढवायच्या, त्यांना गुलाबी खाद्य घालायचं आणि ग्रीन टीचा अर्क दिल्यावर किती मरतात ते बघायचं. त्यातल्या एका जातीच्या पेशींना सगळे मावशी म्हणतात. इथे काम करणाऱ्या एका मावशींच्या गाठीतून त्या घेतलेल्या. मावशी गेल्या, पेशी मात्र वाढतायत. सर म्हणाले, भारी खादाड आहे, एक थेंब उडाला तरी दुसऱ्याच्या बाटलीत शिरून घर बळकावते. म्हणून तिला सगळ्यांत शेवटी वाढायचं. आमच्या घरी शेवटी जेवायचा मान आईचा.

८ जून
आईलाही कर्करोगच. तिच्या ऑपरेशनमधला गाठीचा तुकडा सरांनी रीतसर मागवून घेतला. आता आईही माझ्या बाटलीत आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, तिथे तरी वेळेवर जेवायला घाल गं चिमणे.

१४ जून
अर्काने आईच्या पेशी भराभर मरतायत. बाटलीत मेल्या म्हणजे अंगातही मरतील असं नाही, हे मला कळतं. तरी आज पाय जमिनीवर नाहीत. घरी आईला ग्रीन टी करून दिला. तिने तोंड वाकडं केलं आणि दोन चमचे साखर घातली.

१९ जून
घोळ झाला. आईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. घाईत मावशीला आधी वाढलं आणि मग त्याच नळीने आईला. सरांना सांगायचा धीर झाला नाही.

२४ जून
आईच्या बाटलीतल्या पेशी अर्काला दाद देईनात. गोल होत्या, आता लांबट दिसतात, थेट मावशीसारख्या. घरी आई सगळ्यांच्या आधी जेवायला बसली. भूक लागतेय म्हणाली, मला आनंदच झाला. मग तिने बिनसाखरेचा ग्रीन टी मागितला. कप डाव्या हातात धरला.

२७ जून
मावशी कशा होत्या, असं सरांना सहज विचारलं. डावखुऱ्या होत्या म्हणे. चहा बिनसाखरेचाच लागायचा. सगळ्या मुलींना पोरी म्हणायच्या. आई मला काल दिवसभर पोरी म्हणत होती.

३० जून
डॉक्टर खूश. वजन वाढलंय, तब्येत झपाट्याने सुधारतेय. आईने भिंतीवरचा माझा लहानपणचा फोटो बघितला. ही कोण, म्हणाली.

२ जुलै
बाटलीच्या कोपऱ्यात अजून गोल पेशी आहेत. चार-पाच. नियम असा, की बिघडलेल्या बाटलीत ब्लीच ओतायचं. ओतलं तर मावशी जाईल. आणि त्या चार-पाच — त्या माझ्या —

३ जुलै
गोल एकच उरली. ब्लीच समोर ठेवलंय. ओतू? नाही ओतलं तर ही पण —
दार वाजलं. आई. एकटीच आलीय. प्रयोगशाळेचा पत्ता मी कधीच दिला नव्हता —
ओतू नको म्हणतेय. चिमणे म्हणाली. चिमणे. आईच आहे, आईच, देवा, अजून आहे ती —
लिहिता हात धरलाय तिने. डाव्या —