लाईटवाल्यांच्या घरची हळद

आदिलाबाद

प्रिय अपूर्वा,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. गेल्या आठवड्यात तू विचारलंस, पहिली हळद तूच लावणार ना आई? आणि मी "शीतलकाकू लावेल गं, लाइट तीस्को" म्हणून फोन ठेवून दिला. हैदराबादला नोकरीला गेल्यापासून तुझं उठताबसता हेच चाललंय. साहेब ओरडला, लाइट तीस्को. गॅस संपला, लाइट तीस्को, मनावर घेऊ नको. तुझंच हत्यार तुझ्यावर चालवलं, पण तू हसली नाहीस. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

तसं आपल्या घराला त्या 'लाईट' शब्दाचं भारी कौतुक. तुझे बाबा वीज खात्यात, म्हणून आपण 'लाईटवाले'. हणमंतराव हे त्यांचं नाव पगाराच्या कागदापुरतं. वीज गेली की अख्खी गल्ली आपल्या दारात, जणू ती बाबांनीच फुंकर मारून घालवली! बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी शेजारचा जीवन अजून मलाच विचारतो, "काकू, लाईट कवा येईन?" मीही ठोकून देते, येईल आता. तुझ्या आजींचा लाईट आणखी वेगळा. चहा लाईट, म्हणजे पत्ती कमी आणि साखर मात्र मुक्त हस्ते. डॉक्टरांनी रात्री लाईट जेवा सांगितलं, तर ज्वारीची भाकर लाईटच असते म्हणून एक जास्तीची घेतात.

माझा लाईट कापडाच्या दुकानातला. बाबा गेल्यावर मी दुकानदाराला म्हणायला लागले, भैया, लाइट में दिखाओ. बदामी, राखाडी, मोतिया. मला कुणी सांगितलं नव्हतं. आजोबा गेल्यापासून आजी जन्मभर तसंच नेसत आल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर मी गडद कसं नेसू, असं वाटायचं. शाळेत शिकवायला जायचं म्हणून टिकली तेवढी ठेवली. पण कुणाची ओटी भरायची वेळ आली की मी आपणहून मागे सरायची. पुढे पुढे त्याचीही सवय झाली.

शनिवारी तुझ्या लग्नाचा बस्ता बांधायला आजी, शीतलकाकू आणि मी दुकानात गेलो. मला पाहताच दुकानदाराने न विचारता बदामी साड्यांची थप्पी पुढे केली, "मॅडम का लाइट." मी एक उचललीसुद्धा. आजींनी ती माझ्या हातातून ओढलीच. "हे काऊन? पोरीच्या हळदीले असं नेसून उभी राह्यशीन?" मी हळूच म्हटलं, आजवर तुमच्यासाठीच तर नेसले. त्यांनी ती बदामी साडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माह्यासाठी? मी कदी म्हनलं तुले? मले माह्या सासूनं नेसाले लावलं. तू त आपल्या मनानं नेसून राह्यली. मले वाटलं तुलेच आवडते, म्हून मी गप." भर दुकानात आम्ही सासू-सुना आधी रडलो आणि मग पोट धरून हसलो. दुकानदाराने घाबरून पाणी मागवलं. तोवर काकूने माझ्या खांद्यावर एक गडद हिरवी, जांभळ्या काठाची साडी टाकलीसुद्धा. आरशात पाहिलं आणि तुझी फार आठवण आली गं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी हळद लावणार, हिरवी साडी नेसून, सगळ्यांच्या देखत. कुणाला नाक मुरडायचं त्याने मुरडावं. पण पहिली हळद माझी नाही. बाबा सांगायचे, त्यांच्या हळदीला त्यांची आई, तुझी आजी, दारातच उभी होती, हात पदराखाली घेऊन. पोटच्या लेकाला हळद लावायला तिला कुणी पुढे बोलावलं नाही. म्हणून हे पत्र, बाळा. पाटावर बसलीस की आधी आजींना हाक मार. माझ्या हाकेने त्या येणार नाहीत, तुझ्या हाकेला नाही म्हणायच्या नाहीत. काल सहज विषय काढला, तर आपले हात उलटसुलट करून पाहत म्हणाल्या, "हात कापते माहा. पोरीच्या डोळ्यात जाईन हळद." गेली तर जाऊ दे. तू डोळे मिटून बस.

तुझीच,
आई