अप्पांचा कारखाना

अप्पा,

 घरी आले, चहा ठेवला, तो उतू गेला, तरी मी ओट्यापाशी नुसती उभी. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. आज भर सभेत तुमचं नाव मला कुणी विचारेल, हे ध्यानीमनीही नव्हतं.

खरेदीदारांचा मेळावा होता. परगावच्या मोठ्या दुकानांची माणसं टेबलं मांडून बसलेली आणि आम्ही चादरवाले रांगेत. प्रत्येकाला दोन मिनिटं. तेवढ्यात आपली ओळख अशी करून द्यायची, की समोरच्यानं माल हातात घेतलाच पाहिजे. एमआयडीसीतल्या माझ्या आठ मागांपैकी पाच बंद आहेत. ही ऑर्डर हुकली असती तर उरलेले तीनही थांबले असते, म्हणून आठवडाभर आरशासमोर घोकत होते. ‘आमचा पिढीजात व्यवसाय. भवानी पेठेत वडिलांचा कारखाना होता.’ ऐकायला किती छान! तुम्ही तिथे जॉबर होता, दुसऱ्याचे माग दुरुस्त करायचात, हे सांगितल्यावर कोण विचारणार, असं मला वाटायचं.

तुमची ओळख करून द्यायची तऱ्हा मी विसरलेली नाही. तो कारखाना बंद पडल्यावर तुम्ही काम मागायला एका व्यापाऱ्याकडे गेलात, मला सोबत नेलंत. मी दहा वर्षांची. तुम्ही नमस्कार करता, पिशवीतून चादर काढता आणि उलटी अंथरता, तुटलेल्या धाग्यांच्या गाठी वर येतील अशी. मग हात बांधून गप्प. व्यापारी म्हणतो, “काय तरी बोला की!” तुम्ही म्हणता, “बगा की.” बस्स. काम मिळालं नाही. घरी कुंभारीला परतताना सायकलच्या दांडीवर बसून मी फाडकन म्हणाले, “अप्पा, तुमाला बोलायलाच येत न्हाय.”  पायडल मारता मारताच तुम्ही म्हणालात, “व्हय. मग तू शीक की.”

शिकले ना. आज माझी गाडी सुसाट होती. खरेदीला आलेल्या बाई मान डोलावत होत्या. त्यांच्या शेजारी माल पारखायला आणलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “भवानी पेठेत कुटं?” मी गल्ली सांगितली. ते म्हणाले, “तो कारखाना तर माजा होता.”

मी चादरीची घडी उगाच सारखी करू लागले.  त्यांनी आवाज न चढवता विचारलं, “वडलांचं नाव काय?”

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कडक इस्त्री करून मी सुलटी ठेवलेली चादर उचलली आणि उलटी केली. मी तुमच्याकडून शिकलेल्या एकेका गाठीवरून त्यांनी बोट फिरवलं. मला वाटलं, संपलं. आता हे सगळ्यांदेखत माझी लाज काढणार.

“खरं हाय,” ते बाईंना म्हणाले. “कारखाना यांच्या वडलांचाच होता. मी नुसता मालक होतो. ही गाठ बगा, त्यांचीच हाय.”

ऑर्डर मिळाली, अप्पा. रिक्षात बसल्यावर मला रडू फुटलं आणि रागही आला, तुमचाच. तुमच्याविषयी असं बोलणारा माणूस या गावात होता, हे कधी सांगितलं का नाहीत? सांगितलं असतंत तर मला खोटं घोकावं लागलं नसतं. पण हेही उगाच तुमच्यावर ढकलते आहे, कळतंय मला.

हा कागद त्याच चादरीच्या घडीत ठेवून देणार आहे. फक्त एक राहिलं. नाव विचारल्यावर ‘मी सांगितलं’ असं वर दोन शब्दांत लिहून मोकळी झाले. तसं झालं नाही. आधी थोडा वेळ मी दुसरंच कुठलं तरी नाव शोधत होते.