दादाची सही

३ मार्च

चि. ठमे,
अ. आ. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस. पेन्सिल बोटांना चिकटपट्टीने बांधली आहे, त्यामुळे कोंबडी चालल्यासारखं उमटतं. वाचा गेल्यापासून इथल्या नर्सबाई माझ्याशी ओरडून बोलतात, जणू कानच गेलेत.

काल मोठे डॉक्टर आले. वर्षापूर्वी मी लिहून दिलेला कागद त्यांच्या एका हातात होता: पोटात नळी नको, श्वासाचं यंत्र नको, स्नायूंच्या या आजाराला त्याच्या वाटेने जाऊ द्या. दुसऱ्या हातात नळी बसवायचं संमतिपत्र, खाली माझी सही. म्हणाले, तुम्हीच मत बदललंत, आता पहिला कागद कसा धरायचा? ठमे, त्या दिवशी मी तापाच्या ग्लानीत होतो. मला ना कागद आठवतो ना पेन.

सही बघून हसू आलं. शेवटची रेघ माशाच्या शेपटीसारखी फक्त तू काढतेस. आईबाबा गेले तेव्हा तू सातवीत होतीस आणि मी दोन-दोन पाळ्या क्रेनवर. प्रगतिपुस्तक अडायला नको म्हणून मीच तुला माझी सही गिरवायला बसवलं होतं. जुन्या सवयीने हात वळला असेल, तसं मी डॉक्टरांना लिहूनही दिलंय. पण त्यांना तुझ्या तोंडून हवंय.

चौदा तारखेला त्यांची समिती बसते आहे. ये आणि खरं ते सांग. माझा हात अजून महिनाभर चालेल म्हणतात. नंतर माझ्या वतीने तो कागदच बोलणार.

आपला लोभ भांडणाने वाढतो, तेव्हा काळजी नाही.

तुझा
दादा

७ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी येणार नाही.

कोर्टातली कारकून मी, लोकांची प्रतिज्ञापत्रं तपासण्यात जन्म गेला. निवृत्तीला आठ महिने उरले असताना खोटी सही कबूल केली तर काय होईल, ते तुला कळतं. पण ते कारण मी पुढे करत नाही. कारण वेगळं आहे.

तो कागद लिहिलास तेव्हा तू माझ्याकडे तीन जिने चढून आला होतास. तेव्हाच्या धडधाकट माणसाने आजच्या आजारी माणसाचं परस्पर ठरवून टाकायचं, हा कुठला न्याय? नळी बसल्यापासून तू दोन किलोने भरलास. गेल्या रविवारी मला बुद्धिबळात हरवलंस आणि वर पाटीवर ‘ढ’ लिहिलंस. जायला निघालेला माणूस असा असतो का? आणि माणसाला अन्न तोडून जाऊ देणं, याला मी जे नाव देते ते पत्रात लिहीत नाही.

तू मला वाढवलंस तेव्हा मला विचारून वाढवलं नव्हतंस. मीही विचारलं नाही.

राग धर, पण लोभ आटवू नकोस.

तुझी न ऐकणारी
ठमी

१० मार्च

चि. ठमे,
आशीर्वाद, रागासकट.

‘ढ’ लिहिलं कारण ढ खेळलीस. मला जगण्याचा कंटाळा आलेला नाही. कुठवर जगायचं ते मी सांगेन, इतकंच.

शेजारच्या खाटेवर एक मास्तर आहेत. दीड वर्ष यंत्रावर, डोळे छताला. मुलगा दर गुरुवारी येतो, त्यांची नखं कापतो, कपाळ पुसतो. बाबांना काय हवं होतं ते त्याला ठाऊक नाही, म्हणून तो काही ठरवू शकत नाही आणि घरी जाऊन झोपूही शकत नाही. हे तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून मी लिहून ठेवलं. त्यात नळी काढायची तारीख नाही. ती मी ठरवीन, आणि ती उद्याची नाही.

तुझ्या नावाने मला अडवलं असतंस तर भांडलो असतो, कदाचित हरलोही असतो. माझ्याच सहीशी मी कसं भांडू?

बोटं दुखतात. लोभ आहे, तो कुणाच्या सहीवर अवलंबून नाही.

तुझा
दादा

१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

काल समितीपुढे जाऊन आले. तुझ्याकडे न येता गाडी पकडली, कारण तुला बघितलं असतं तर पुढचं लिहिता आलं नसतं.

सही माझी, असं सांगितलं. मोठे डॉक्टर चांगले आहेत, म्हणाले, सवयीने झालं असेल, तुमच्या भावानेही तसंच लिहिलंय. मी म्हटलं, सवयीने नाही. फॉर्मवर नातेवाइकाच्या सहीची वेगळी ओळ होती. ती मी दोनदा वाचली. तिथे माझं नाव घातलं असतं तर शुद्धीवर आल्यावर तू मला जाब विचारला असतास, म्हणून तुझं घातलं. त्यांनी ते लिहून घेतलं. ऑफिसपर्यंत जायचं असेल तर जाऊ दे.

तुझा कागद त्यांनी कायम धरला.

मला अजूनही पटलेलं नाही, दादा, आणि तेही तिथे सांगितलं. बहिणीचा विरोध आहे, तो नोंदवा म्हटलं. नोंदवला. मग त्यांनी विचारलं, कागदात त्यांच्या वतीने बोलणारी प्रतिनिधी म्हणून तुमचंच नाव आहे, दुसरं कुणाचं घालायचं का? मी म्हटलं, हात लावू नका.

तू सांगशील त्या दिवशी मी तुझ्या उशाशी बसेन आणि शेवटपर्यंत नको म्हणेन. पण तुझ्या शब्दाबाहेर कुणी जाऊ लागला, तर त्याला आधी मला ओलांडावं लागेल.

लोभ असू दे, विरोधासकट.

तुझी
ठमी