पाचव्या पोटदुखीबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
शासकीय बालरुग्णालय, नागपूर.

विषय: कु. वैभवी प्रीतम गजभिये, वय ५ वर्षे, हिच्या नावावरील चार तक्रारी खोट्या असल्याने रद्द करून पाचवी खरी धरणेबाबत.

संदर्भ: 'तक्रार' रकान्यात 'काही नाही' लिहू देणेबाबत अर्जदाराचा दि. ३ एप्रिल २०२५ चा अर्ज. (पोच मिळाली. उत्तराची घाई नव्हती. आता आहे.)

महोदय,

१. अर्जदार जयवंता ही वैभवीची आजी असून शाळेत खिचडी शिजवते. शाळा तिने चुलीच्या बाजूनेच पाहिली. अक्षरे ती किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकली. शुद्धलेखन चुकल्यास क्षमा असावी. मजकूर चुकलेला नाही.

२. वैभवी जन्मली ती साडेचार किलोची. मोहल्ला पाहायला आला, अर्जदाराने तीट लावली. पुढे तिचा डावा पाय उजव्याहून जाड निघाला. चपलांचे दोन जोड घ्यावे लागतात. उरलेल्या दोन चपला अर्जदार टाकत नाही. गेल्या वर्षी आपल्याच डॉक्टरांनी सांगितले की हा जनुकांतला जन्मजात दोष आहे, अशा मुलांच्या मूत्रपिंडात वा यकृतात कर्करोगाची गाठ होऊ शकते, म्हणून आठ वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी. गाठ लहान असताना सापडली तर मूल बहुतेक वाचते. काही होत नसतानाच पाहायचे, असे ते म्हणाले. अर्जदाराला पटले. खिडकीला पटले नाही.

३. तारखेच्या खिडकीवर संगणकात 'तक्रार' हा रकाना भरल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. अर्जदाराने खरे ते सांगितले, की तक्रार काही नाही. त्यावर, ज्याला काही नाही त्याने आजाऱ्यांची जागा अडवू नये असे समजावून सात महिन्यांनंतरची तारीख देण्यात आली. तेव्हा झाडणाऱ्या एक मावशी (नाव देत नाही, त्यांची नोकरी कंत्राटी आहे) हळूच म्हणाल्या, "पोट दुखते म्हन ना वं बाई. इथं दुखल्याशिवाय तारीख नाई."

४. सबब अर्जदाराने नातीला खोटे शिकवले. ऑटोत तालीम होई. पोर गुणाची, कमरेत वाकून अशी कण्हायची की खिडकीवाले साहेबही एकदा 'बिचारी' म्हणाले. मात्र अर्जदाराची सक्त ताकीद होती की हे घरी बोलायचे नाही, आईजवळ नाही, अंगणवाडीत नाही, फक्त खिडकीवर. चार वेळा पोट दुखले, चार वेळा सोनोग्राफी झाली, चारही अहवाल स्वच्छ आले. शेवटचा २४ मार्चचा. जूनमध्ये यंत्र बंद होते.

५. शनिवारी, १२ जुलैला, आंघोळ घालताना डाव्या बरगडीखाली अर्जदाराच्या हाताला कवठासारखे टणक लागले. हात लावताच पोर आक्रसली. कधीपासून दुखते असे विचारले, तर लय दिवस झाले म्हणाली. मग सांगितले काहून नाही, असे अर्जदार जरा ओरडूनच बोलली. त्यावर तिने दिलेले उत्तर जसेच्या तसे लिहीत आहे:

"खिडकीवरच सांगायचं, असं तूनंच त म्हनलं होतं, आजी."

६. सोमवारी आणले. डॉक्टर नवीन होते, बाहेर दोनशे माणसे होती. वैभवीने पोट आवळून धरले, त्यांच्या हाताला काही लागले नाही. त्यांनी नोंदी पाहिल्या: चार वेळा दुखणे, चार वेळा काही नाही. जंताच्या गोळ्या लिहून दिल्या. खिडकीवर "हिचं नेहमीचंच आहे" असे ऐकावे लागले व २९ सप्टेंबर ही तारीख मिळाली. या वेळी वैभवी कण्हली नाही. खरेच दुखत असल्याने ती नुसती उभी राहिली, आणि तिथेच कमी पडली.

७. रामदासपेठेत खासगीत करून घ्या, असा सल्ला मिळाला. सल्ला फुकट होता. तरी अर्जदार उद्या कानातले घेऊन इतवारीत सराफाकडे जाणार आहे. पण खासगीतल्या तपासणीत काहीही निघाले तरी पुढे आपल्याच दारी यायचे आहे, आणि इथे पहिल्यांदा रजिस्टर पाहतात, मुलीला नंतर.

८. तरी विनंती की, आधीच्या चारही तक्रारी अर्जदाराच्या नावे लावाव्यात. तिचे वय ४९ आहे, तिला पचतील. वैभवीची ही पाचवी तक्रार पहिली धरावी. खोटे बोलल्याची जी काही कारवाई असेल ती अर्जदारावर करावी, पण जवळची तारीख दिल्यानंतर. अर्जदाराने आयुष्यात बरेच अर्ज लिहिले, शेजाऱ्यांचेही लिहिले. त्यांचे काय होते हे तिला ठाऊक आहे. तरीही हा लिहिला आहे.

आपल्या खिडकीपुढील नम्र,
जयवंता नत्थूजी गजभिये
नागपूर, दि. १५ जुलै २०२५

सोबत:
१) सोनोग्राफीचे चार अहवाल, झेरॉक्स.
२) जन्मजात दोषाचा दाखला, झेरॉक्स.
३) जंताच्या गोळ्या, न वापरलेल्या.
४) वैभवी, मूळ प्रत. आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसली आहे. पोट दुखते का, असे तिला विचारू नये. हात लावून पाहावा.