चोवीस प्रश्नांची तयारी

६ फेब्रुवारी १९८४, सोमवार
जुलेखाच्या शाळेतून बोलावणं. मोठ्या बाई म्हणाल्या, घंटा झाली की तुमची पोरगी कान दाबून बाकाखाली बसते, हाक मारली तर बघत नाही, मधेच उठून सगळ्यांच्या पाट्या एका रेषेत लावते. ऑटिझम की काय म्हणून असतं, अति चंचलपणाचंही एक असतं. मुलांच्या डॉक्टरांकडून पहिली तपासणी करून चिठ्ठी आणा, नाहीतर पुढच्या सोमवारपासून वर्गात घेणार नाही.
तपासणी म्हणजे परीक्षाच की! मी चौथीत शाळा सोडून मंगळवार पेठेत स्वतःचं गॅरेज काढलेला माणूस. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आवाजावरून दुखणं सांगतो. पोरीला पहिल्या नंबरात काढतो.

७ फेब्रुवारी
शनिवारी अकराची वेळ मिळाली. डॉक्टरांचा कंपाउंडर आकाराम ओळखीचा. त्याची लूना फुकट दुरुस्त केली. डॉक्टर छापील चोवीस प्रश्न विचारतात म्हणे. संध्याकाळी नक्कल हातात. याला कॉपी म्हणत नाहीत, तयारी म्हणतात.
बायको म्हणाली, "पेपर फोडून पोरगी बदलती व्हय?" खतिजाला परीक्षांचा अनुभव नाही.
संकल्प: रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा अभ्यास.

८ फेब्रुवारी, दुपार
साडेआठला उठलो. अभ्यास अकरा मिनिटं झाला. रस्त्यावरून बुलेट गेली, इंजिनातला टॅपेट वाजत होता, पळत जाऊन थांबवली. खोलली. बुलेटवाल्या पावण्याबरोबर चहा. परत आलो तर जुलेखा त्याच जागी. चोवीसच्या चोवीस प्रश्न पाठ, आकड्यांसकट. माझ्या शिकवण्याची पद्धतच तशी.

९ फेब्रुवारी
आज उत्तरं. प्रश्न सहा, हाक मारल्यावर बघते का: लगेच बघते. प्रश्न नऊ, मैत्रिणी किती: पुष्कळ. जुलेखानं विचारलं, कोण कोण? मी चार नावं सांगितली. ती म्हणाली, यातली आमच्या वर्गात एकबी न्हाय. हुशार आहे, व्यवहार कमी. नुसतं म्हणायचं, असं समजावलं. म्हणते म्हणाली.
मग डोळ्यात बघायचा सराव. पापणी न हलवता पाच मिनिटं माझ्याकडं बघत राहिली. मीच उठलो.

१० फेब्रुवारी
घंटेची सवय व्हावी म्हणून गॅरेजमध्ये लोखंडी रिमवर हातोडा हाणला. जुलेखा अँबॅसिडरखाली जाऊन बसली. दीड तासानं खतिजानं बाहेर काढली. दोघी माझ्याशी बोलत नाहीत. बाकी तयारी उत्तम.

११ फेब्रुवारी, शनिवार
डॉक्टरांनी नाव विचारलं. जुलेखा म्हणाली, हा प्रश्न पेपरात न्हाय. मग स्वतःच एक ते चोवीस प्रश्न आणि माझी उत्तरं ओळीनं म्हणून दाखवली. प्रत्येक उत्तरानंतर, "खरं येगळं हाय." पेपर कुणी दिला, लूनाचं काय बिघडलं होतं, तेही सांगितलं. आकाराम औषधाच्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली.
डॉक्टर म्हणाले, आता खरं सांग. ती खिडकीकडं बघत तासभर बोलली. घंटेचं विचारल्यावर म्हणाली, "त्यो आवाज डोळ्यात जातोय. अंधार हुतोय."
हे मला कधी बोलली नव्हती. बाहेर आल्यावर खतिजाला तसं म्हणालो. ती म्हणाली, "तुमी इचारलासा कवा?"
कोपऱ्यावर एक स्कूटर खोकत होती, तिकडं गेलो.

१३ फेब्रुवारी, सोमवार
चिठ्ठी मिळाली. पहिल्या तपासणीत ऑटिझमच्या खुणा दिसतात, पुढची तपासणी मोठ्या डॉक्टरांकडे व्हावी. मुलगी हुशार आहे, शाळेतच ठेवावी, घंटेपासून लांब बसवावी. बाईंनी वाचून लगेच वर्गात घेतली. म्हणजे पास. चार दिवस घासलं त्याचं चीज झालं.
शेवटी आणखी एक ओळ आहे: घरी वडिलांनी अभ्यास घेऊ नये. खाली दोन रेघा. पेनचं निब खराब असणार.
खतिजाला वाचता येत नाही. ती ओळ तिनं मला तीनदा मोठ्यानं वाचायला लावली.