पंजे सुजले नाहीत

मंगळवार, संध्याकाळ. ठाकुर्ली.

आज प्रयोगशाळेतल्या आमच्या उंदरांचे पंजे सुजलेले नव्हते. एरवी रोगजंतूंशी लढणाऱ्या त्यांच्याच टी-पेशी त्यांच्या सांध्यांवर तुटून पडतात. त्या पेशींना आवरायला शिकवण्यात आमची चार वर्षं गेली. मी तीनदा मापं घेतली, मग प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना बोलावलं. त्यांनीही मापं घेतली. "छान! आता सगळं पहिल्यापासून पुन्हा करून बघ." राग यायला हवा होता का? नाही आला. पंजे खरंच सुजले नव्हते!

घरी आईला सांगितलं. संधिवाताने तिची बोटं वाकलीयेत, म्हणून आधीच म्हटलं, "औषध यायला अजून खूप वर्षं लागतील गं."

"लागू देत," आई म्हणाली. "त्या बिचाऱ्यांचं दुखणं तरी थांबलं ना?"