लाल अक्षरांची पाटी

मंगळवार, दिवेलागणीला, उमरी

स्वयंपाक तसाच पडलाय, पण आधी हे लिहिते.

दुकानाबाहेर पाटी लावली तेव्हा यांनी कपाळावर हात मारला होता. 'ब्लाउज शिलाई, अस्तर-हूक सगळं धरून, एकच भाव.' म्हणाले, "आपल्याकडं बाया भाव पाडल्याशिवाय उठत न्हाईत. धंदा बसवशील." आणि बसलाच होता की! माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, शोभामावशी, "दहा रुपयेबी सोडीना, लई माज आलाय," म्हणून समोरच्या टेलरकडं गेल्या. तिथं शिलाई कमी सांगतात, आणि न्यायला गेलं की अस्तराचे वेगळे, हुकांचे वेगळे. पाटी काढावी असं मलाही वाटलं होतं. का नाही काढली? हट्ट, दुसरं काय!

आज मावशी पुतणीच्या लग्नाचे सगळे ब्लाउजपीस घेऊन हजर. सोबत त्यांची जाऊ, म्हणजे नवरीची आई. तिनं सवयीनं सुरू केलं, "एवढे ब्लाउज हायत, कमी कर की जरा." मी तोंड उघडायच्या आत मावशीच कडाडल्या, "ती पाटी वाच आधी. इथं कमी होत न्हाई, पण मागून वाढतबी न्हाई!"

मला मेलीला इतकं नेमकं कधी सुचलं नसतं.

हे आतून ऐकत होते. न सांगता चहा घेऊन आले. पाटीकडं बघत म्हणाले, "रंग उडालाय. उद्या नवा आणू का?"

आणा म्हटलं. लालच आणा. समोरच्या दुकानातून वाचता आलं पाहिजे.